शेजारच्या काकूंची काडतुसं

मिशिगनमधल्या ट्रॉय शहरात आम्ही घर घेतलं तेव्हा मार्च संपत आला होता आणि अंगणातला बर्फ काळा पडून रस्त्याच्या कडेला साचला होता. साल २००२. पहिलं खरं ऊन पडलं त्या शनिवारी मी चहाचा कप घेऊन मागच्या लाकडी डेकवर उभी होते. शेजारच्या डेकवर एक जुनी चादर अंथरली होती आणि तिच्यावर, आपल्याकडे उन्हाळ्यात सांडगे घालतात तशा, ओळीने कसल्यातरी पिवळ्याधमक वस्तू वाळत घातल्या होत्या. करंगळीहून थोड्या लांब, पोकळ, पितळेच्या. त्यांच्यावर नजर ठरत नव्हती. एक उंच, सडपातळ, पांढऱ्या केसांची बाई गुडघ्यांवर बसून त्या एकेक करून फिरवत होती, ओली बाजू उन्हाकडे यावी म्हणून.

"काय आहे ते?" मी कुंपणावरून विचारलं.

"काडतुसांच्या पुंगळ्या," ती वर न बघता म्हणाली. "मागच्या वर्षी उडवलेल्या. धुऊन वाळवल्या की पुन्हा भरायच्या."

"पुन्हा भरायच्या? घरी?"

"म्हणजे काय! खाली बेसमेंटमध्ये." मग तिने मान वर केली, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने हसली.

आमची मुलगी तेव्हा पहिलीत होती. मोठ्या माणसांना नावाने हाक मारायची नाही एवढं आम्ही तिला शिकवलं होतं, त्यामुळे तिने शेजारणीला सरळ 'काकू' म्हणायला सुरुवात केली. बाईंनी मला त्याचा अर्थ विचारला. वडिलांच्या भावाची बायको, असं मी सांगितलं. "मला तर दीरसुद्धा नाही आणि पुतणी मिळाली," त्या म्हणाल्या आणि त्या दिवसापासून आमच्या सगळ्यांच्याच काकू झाल्या. त्यांच्या उच्चारात ते 'काऽकू' असं लांबायचं. फोनवरसुद्धा त्या स्वतःला तेच म्हणायच्या.

काकू कोर्टात स्टेनोग्राफर होत्या. उभं आयुष्य त्यांनी दुसऱ्यांचं बोलणं, एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही, असं टिपून घेण्यात घालवलं होतं. नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती. नेमबाजीचा छंद त्यांचा होता, नवऱ्याचा नव्हे. "तो शूटिंग रेंजच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून पेपर वाचायचा," त्या सांगायच्या. "आवाज सहन व्हायचा नाही त्याला. पण येणं कधी चुकवलं नाही." शिकारीत काकूंना रस नव्हता. लांब अंतरावरच्या कागदावर नेम धरायचा, बस. आणि त्यासाठी लागणारं काडतूस दुकानातलं नको, स्वतःच्या हातचं हवं.

मला या सगळ्याचं आकर्षण वाटलं त्यालाही एक कारण होतं. साताऱ्याला कॉलेजात असताना मी कॅडेट होते. खाकी घालून परेड करायची, वर्षातून एकदा कॅम्पला जायचं आणि तिथे जमिनीवर पालथं पडून मोजक्या गोळ्या झाडायच्या. त्या मोजक्या गोळ्यांचं सुख मी कुणाला सांगू शकले नव्हते. पुढे नोकरी, लग्न, व्हिसा, सॉफ्टवेअर टेस्टिंगचे रिपोर्ट. ते सगळं मागे पडलं. ग्रीन कार्ड हातात आलं होतं, म्हणजे आता कायद्यानेही आडकाठी नव्हती. मी काकूंना एकदा कॅम्पची गोष्ट सांगितली. त्यांनी ती शेवटपर्यंत, मध्ये एकही प्रश्न न विचारता ऐकली.

"रविवारी सकाळी ये," त्या म्हणाल्या. "बघ फक्त. स्वेटर घालून ये, जाड."

नवऱ्याला सांगितलं तर तो लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाला, "काय करून राहिली तू, यार? बाहेर काय चाललंय माहीत आहे ना? आपल्या रंगाच्या माणसाकडे लोक एअरपोर्टवर कसे बघतात? आणि तू बंदुकीच्या मागे?" तो नागपूरचा. चिडला की त्याची भाषा घरी परत जायची. मी म्हटलं, मी फक्त बघायला चाललेय. तो म्हणाला, "बघायला म्हणूनच सगळं सुरू होतं." हे मात्र त्याचं खरं ठरलं.

साताऱ्याला आईशी शनिवारी फोन असायचा. त्या आठवड्यात मी तिला उत्साहाने सांगितलं, "आई, शेजारच्या काकू बेसमेंटमध्ये दारू भरतात. मीही शिकणार आहे."

आई आवाज खाली आणून म्हणाली, "अगं, दारू? घरात? जावयांना माहीत आहे का?"

"बंदुकीची दारू गं, आई! काडतुसात भरायची!"

"त्यापेक्षा पिण्याची परवडली," आई म्हणाली.

रविवारी मी जाड स्वेटर घालून गेले. काकूंनी दार उघडलं ते कोट घालूनच. घरात कडाक्याची थंडी. त्यांनी घर गरम ठेवणारी फर्नेस बंद केली होती. मला वाटलं बिघडली असेल. "बिघडली नाही. फर्नेसचा पंखा सुरू झाला की खाली हवा हलते," त्या म्हणाल्या, "आणि हवा हलली की काटा हलतो." मिशिगनमधला एप्रिल म्हणजे नावालाच वसंत. त्या बाईने दारूचं वजन करायचं म्हणून अख्खं घर गारठवून ठेवलं होतं.

स्वयंपाकघरात त्यांनी फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवला. बोटातली अंगठी काढून खिडकीतल्या बशीत टाकली. मला म्हणाल्या, "तुझ्या बांगड्या." मी बांगड्या काढल्या. "खाली बोलायचं नाही. प्रश्न आला तर धरून ठेव, वर आल्यावर विचार. मला वाटलं तर मी बोलेन. नाही वाटलं तर राग मानू नकोस."

बेसमेंटच्या भिंतीला लागून एक जाड लाकडी टेबल होतं, त्याला बोल्टने घट्ट बसवलेला लोखंडी प्रेस, लांब दांड्याचा. टेबलावर जवळजवळ काही नव्हतं हेच मला आधी जाणवलं. आमच्या घरी भाजी चिरायला बसलं तरी याहून जास्त पसारा होतो. इथे प्रेस, एक तराजू, भोकं पाडलेला एक लाकडी ठोकळा आणि दारूचा एकच डबा. बाकीचे, वेगळ्या प्रकारच्या दारूचे डबे पलीकडच्या कपाटात कुलुपात. दोन डबे एका वेळी टेबलावर आणायचे नाहीत. आणले तर कधीतरी चुकीच्या डब्यात हात जाणारच, असं त्यांनी नंतर वर आल्यावर सांगितलं.

काकू स्टुलावर बसल्या, चष्मा लावला आणि दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून नुसत्या बसून राहिल्या. मला वाटलं प्रार्थना करतायत. पण ओठ हलत नव्हते, डोळे उघडे होते. त्या टेबलावरची एकेक वस्तू बघत होत्या, जणू वर्गात हजेरी घेतायत. मग उजवा हात दांड्यावर गेला.

पुंगळी प्रेसमध्ये ठेवायची, दांडा खाली ओढायचा. उडालेल्या काडतुसाची पुंगळी आतल्या स्फोटाने फुगलेली असते. दांडा खाली आला की ती पुन्हा आपल्या मूळच्या मापाला येते आणि बुडातली, दारू पेटवून जळून गेलेली टोपी टिचकन खाली पडते. त्यात आवाज असा काहीच नव्हता. लोखंडाचा हलका हुंकार आणि ती टिचकी. काकू प्रत्येक पुंगळी बोटांत फिरवून, तोंडापाशी भेग गेली आहे का ते प्रकाशात बघायच्या. मग पुढची. घाई नाही आणि रेंगाळणंही नाही. मी इतक्या वर्षांत इतक्या मीटिंगांना बसले होते, इतक्या लोकांना काम करताना पाहिलं होतं, पण माणूस पूर्णपणे एका जागी असतो म्हणजे काय, ते मी त्या थंड बेसमेंटमध्ये पहिल्यांदा पाहिलं.

नव्या टोप्या बसल्या, मग दारूची पाळी आली. छोट्या वाटीत राखाडी, बारीक दाणे, खसखशीसारखे. काटा स्थिर होईपर्यंत काकू श्वास सोडायच्या नाहीत. मग नरसाळ्यातून पुंगळीत ओतायचं, आणि ती पुंगळी लाकडी ठोकळ्याच्या पुढच्या भोकात. ओळ भरली की टॉर्च घेऊन वरून प्रत्येकीच्या आत बघायचं. कुठे कमी नाही ना, कुठे दुप्पट नाही ना. कमी पडली तर गोळी नळीतच अडकेल, दुप्पट झाली तर बंदूक चेहऱ्यासमोरच फुटेल. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला फक्त त्या वाकून बघण्यातली काळजी दिसत होती. पाळण्यातलं मूल श्वास घेतंय ना ते बघायला आई वाकते, तसं त्या बघत होत्या. शेवटी चिमटीने एकेक गोळी उचलून पुंगळीच्या तोंडावर ठेवायची आणि दांडा ओढून दाबून बसवायची.

वर आलो तेव्हा माझे पाय बधिर झाले होते. काकूंनी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, मलाही धुवायला लावले, अंगठी घातली, फोन जागेवर ठेवला, फर्नेस सुरू केली. "विचार आता," त्या म्हणाल्या. मला एकही प्रश्न आठवेना.

त्यानंतर जवळजवळ प्रत्येक रविवारी मी जायला लागले. मुलीला मात्र कधी त्या जिन्यावर पाऊल टाकू दिलं नाही, ना मी, ना काकूंनी. उन्हाळ्यात त्या मला क्लबच्या रेंजवर घेऊन गेल्या. शहरापासून तासाभरावर, मक्याच्या शेतांच्या मध्ये. पहिल्या दिवशी बेसबॉल कॅप घातलेल्या दोघातिघांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मला नवऱ्याचं बोलणं आठवलं. काकूंनी चटई अंथरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ही माझी शेजारीण. हिने वयाच्या अठराव्या वर्षी लष्कराच्या लोकांकडून धडे घेतलेत." ते तसं फारसं खोटं नव्हतं. त्यांतल्या एकाने येऊन कानांवर लावायचे जास्तीचे मफ आणून दिले आणि विषय तिथेच मिटला.

मी पालथी पडले. तीनशे यार्डांवरचा कागद दुर्बिणीशिवाय पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसत होता. चाप ओढला तेव्हा खांद्याला धक्का बसला, धूर नाकात गेला, आणि काकू दुर्बिणीला डोळा लावून म्हणाल्या, "लागली. थोडी डावीकडे." मी दुर्बिणीतून पाहिलं. कागदावर एक बारीक काळं भोक. एप्रिलमधल्या त्या गारठ्यात काकूंनी चिमटीने उचललेली ती गोळी, मी बघत असताना त्यांनी तोललेली ती दारू, एवढ्या लांब, मक्याच्या वरून जाऊन तिथे पोचली होती.

दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये एका दुपारी सगळ्या भागातली वीज गेली. नुसती आमच्या गल्लीतली नाही, राज्याच्या बाहेरपर्यंतची. ऑफिसमधून आम्हाला घरी सोडलं. सिग्नल बंद, रस्त्यांवर गाड्यांची गर्दी. मी घरी पोचले आणि आधी काकूंकडे धावले, कारण त्या दिवशी दुपारी त्या खाली बसणार आहेत हे मला माहीत होतं. आठवड्याच्या शेवटी स्पर्धा होती. मागचं दार उघडंच होतं. खाली काळोख.

"काकू?"

"मी ठीक आहे," खालून शांत आवाज आला. "हातात काय आहे तुझ्या?"

"टॉर्च सापडत नाहीये. ओट्यावर मेणबत्ती आहे, ती लावून—"

"मेणबत्ती नको." आवाज तसाच, एक रेघही वर चढला नाही. "काडी ओढू नकोस. हात मोकळे ठेव आणि कठडा धरून ये."

मी कठडा धरून उतरले. डोळे सरावल्यावर दिसलं, काकू स्टुलावर तशाच बसलेल्या. एक हात दारूच्या डब्याच्या झाकणावर, दुसऱ्या हाताचं एक बोट लाकडी ठोकळ्यातल्या एका पुंगळीवर टेकलेलं. वीज गेल्यापासून, म्हणजे बराच वेळ, त्या तशाच बसल्या असणार.

"वर का नाही आलात?"

"डब्याचं झाकण लागलंय की नाही ते हाताला कळत होतं, डोळ्यांना नाही. म्हणून धरून बसले. कुणीतरी येईल असं वाटलं. तू आलीस." मग म्हणाल्या, "माझी टॉर्च तुझ्या डाव्या हाताला, खिळ्यावर."

टॉर्चच्या उजेडात मी ठोकळ्याकडे पाहिलं. अर्ध्याहून जास्त पुंगळ्या भरलेल्या होत्या, सगळ्यांत दारू एका पातळीला. मी तसं सांगितलं. काकूंनी मान हलवली आणि एकेक पुंगळी उचलून दारू परत डब्यात ओतायला लागल्या.

"अहो, पण का? बरोबर आहेत की सगळ्या!"

"असतील. पण वीज गेली तेव्हा माझा हात दचकला. त्या दचकण्यात काय झालं ते मी पाहिलेलं नाही."

वीज यायला दोन दिवस लागले. काकू स्पर्धेला गेल्या नाहीत. स्पर्धाच रद्द झाली होती हे त्यांना नंतर कळलं, पण त्या आधीच ठरवून मोकळ्या झाल्या होत्या. वीज गेली त्या संध्याकाळी आमच्या डेकवर बसून वितळत चाललेलं सगळं आइस्क्रीम आम्ही चौघांनी संपवलं. माझ्या नवऱ्याने त्यांना विचारलं, "एवढी मेहनत ओतून टाकताना वाईट नाही वाटलं?" काकू म्हणाल्या, "वाईट वाटलं ना. पण वाईट वाटणं आणि खात्री असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत." त्या दिवसानंतर रविवारी मी निघाले की नवरा स्वतःच म्हणायला लागला, "स्वेटर घेतलास का?"

पुढच्या वर्षांत मी प्रेसवर बसायला शिकले. आधी नुसत्या पुंगळ्या मापाला आणायच्या, मग टोप्या बसवायच्या, आणि कितीतरी नंतर दारू. मी काम करायचे तेव्हा काकू गप्प बसून बघायच्या. माझं मन भरकटलं की त्यांना माझ्या आधी कळायचं. सोमवारच्या सॉफ्टवेअर रिलीजचा विचार डोक्यात आला, की माझा हात किंचित जलद व्हायचा म्हणे. "वर जाऊन ये," एवढंच त्या म्हणायच्या. मी वर जायचे, पाणी प्यायचे, पुन्हा खाली यायचे, पुन्हा हात पालथे ठेवून बसायचे. हळूहळू ते नुसतं बसणंच मला आवडायला लागलं. आठवडाभर ईमेल, कॉन्फरन्स कॉल, मुलीचा पियानो, नवऱ्याच्या कंपनीतल्या ले-ऑफच्या बातम्या. आणि रविवारी तासभर, समोर पितळ, काटा आणि दुसरं काही नाही.

२००६च्या पानगळीतला एक रविवार. त्या दिवशी काकू भरत होत्या आणि मी बघत होते. फर्नेस बंद, सगळं नेहमीसारखं. काकूंनी वाटी तोलली, नरसाळं पुंगळीवर ठेवलं, आणि हात हवेत थांबला.

मला वाटलं काट्यात काही दिसलं. मी वाट बघितली. हात तसाच. मग त्यांनी वाटी अगदी सावकाश खाली ठेवली.

"मला आठवत नाही," त्या म्हणाल्या. दारू भरता भरता मध्येच थांबून त्या आजवर कधी बोलल्या नव्हत्या.

"काय आठवत नाही?"

"या पुंगळीत मी ओतली की नाही."

मी टॉर्च घेऊन वाकून पाहिलं. "रिकामी आहे, काकू. बाकीच्या सगळ्या बरोबर आहेत. मी सबंध वेळ बघत होते."

"तू बघत होतीस," त्या म्हणाल्या. "मी नव्हते."

त्यांनी सगळ्या पुंगळ्यांतली दारू डब्यात ओतली, डबा कपाटात ठेवला, कुलूप लावलं, प्रेसवर कापड टाकलं. आम्ही वर आलो, हात धुतले. कुणाचंही असं होऊ शकतं, माझं तर रोज होतं, गॅस बंद केला की नाही ते बघायला मी अर्ध्या रस्त्यातून परत येते, असं मी त्यांना सांगत राहिले. त्या ऐकून घेत होत्या. पुढच्या रविवारी त्या पुन्हा बसल्या. त्या वेळी हात थांबला नाही, पण दांडा ओढताना त्यांनी तीच पुंगळी दुसऱ्यांदा प्रेसमध्ये घातली. मी काही म्हणण्याआधीच त्यांच्या लक्षात आलं होतं.

त्या आठवड्यात त्यांनी स्वतःच डॉक्टरची वेळ घेतली आणि मला गाडी चालवायला बरोबर नेलं. तपासण्या झाल्या, मेंदूचे फोटो निघाले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, स्मृतीचा आजार आहे, अगदी सुरुवात आहे. मग त्या खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "मला एक कळत नाही. इतक्या लवकर कुणी येत नाही. घरच्यांना संशय यायलाच वर्षं जातात. तुम्हाला कसं कळलं?"

"मी काडतुसं भरते," काकू म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी काय सांगणार? ही बाई आपलं लक्ष आठवड्यातून एकदा काट्यावर घालून तोलत होती, आणि ज्या दिवशी ते किंचित कमी भरलं त्याच दिवशी तिला कळलं, हे मला त्या खोलीत बसल्या बसल्या पहिल्यांदा नीट उमगलं. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी काकूंच्या समोर उठून उभं राहावंसं वाटत होतं.

परत येताना मी म्हटलं, "तुम्ही भरत राहा. मी शेजारी बसेन. प्रत्येक पुंगळी मी तपासेन."

"मग ती काडतुसं तुझी झाली," काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "चांगलंच आहे. तूच भर."

त्यांनी एका शनिवारी माझ्या नवऱ्याला पाना घेऊन बोलावलं. प्रेसचे बोल्ट काढून तो आमच्या बेसमेंटमध्ये आणला, टेबलही. कपाट, कुलूप, तराजू, सगळं. एकेकाळी 'बघायला म्हणूनच सगळं सुरू होतं' म्हणणारा माझा नवरा टेबल भिंतीला समपातळीत लागावं म्हणून बराच वेळ खाली पाचर ठोकत बसला होता. काकूंनी टेबलावर हात फिरवला, एकदा दांडा खाली ओढून पाहिला, आणि म्हणाल्या, "इथे उजेड माझ्यापेक्षा चांगला आहे."

मी एकटीने भरायला बसले त्या पहिल्या रविवारी काकूंना खाली बोलावलं. आल्या नाहीत. "दोन डोकी नकोत," म्हणाल्या आणि वर आमच्या स्वयंपाकघरात कोट घालून मुलीशी पत्ते खेळत बसल्या. मी फर्नेस बंद केली होती. मुलगी म्हणत होती, "मॉम, इट्स फ्रीझिंग!" काकू तिला म्हणाल्या, "अगं, तुझी आई काम करतेय."

मी खाली बसले, हात टेबलावर पालथे ठेवले. आजवर कितीतरी वेळा हे केलं होतं, पण कुणीतरी बघत असताना. आता बघणारी मीच. पहिली पुंगळी उचलली तेव्हा कळलं, की भीती वाटतेय आणि ती वाटायलाच हवी. काटा हलायचा थांबला. मी श्वास धरला. दाणे नरसाळ्यातून सुर्र करत गेले. एक झाली. मग पुढची. पुढच्या पुंगळीला आधीच्या पुंगळीसारखं समजायचं नाही, हे काकूंनी कधी तोंडाने सांगितलं नव्हतं, पण त्या प्रत्येक पुंगळीकडे जशा बघायच्या त्यावरून मला ते कळलं होतं. ठोकळा भरेपर्यंत मला घराचं, हिवाळ्याचं, कशाचंच भान नव्हतं. वरून दोघींच्या हसण्याचा आवाज आला तेव्हा ध्यानात आलं, की त्या मघापासूनच हसत असणार.

२००८च्या वसंतात ठरलं की काकू विस्कॉन्सिनला, त्यांच्या नवऱ्याच्या भाचीकडे राहायला जाणार. तोपर्यंत गाडी चालवणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं, कुणी सांगायच्या आधी. बंदुका क्लबमधल्या जुन्या मित्राकडे सोपवल्या होत्या. काही दिवस चांगले जायचे, काही दिवस त्या मला कोर्टातली मैत्रीण समजायच्या. एका चांगल्या दिवशी त्या म्हणाल्या, "मला एकदा झाडायचंय."

मित्राने त्यांची रायफल आणली. तो त्यांच्या एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. पालथं पडणं आता जमत नव्हतं, म्हणून रेंजवरच्या टेबलाला बसवलं. मी डबा पुढे केला. त्यात मी भरलेली काडतुसं होती.

काकूंनी एक काडतूस उचललं, बोटांत फिरवून पाहिलं, आणि मला विचारलं, "कुणी भरलंय?"

"मी."

"खात्री आहे?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. डोळ्यांपुढे ती भरली त्या सकाळचं टेबल आणलं, ठोकळ्यातली ओळ न् ओळ, टॉर्चचा उजेड. मग म्हटलं, "आहे."

त्यांनी काडतूस आत सरकवलं आणि गाल रायफलच्या लाकडाला टेकवला. तेव्हा मला जे वाटलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. माझ्या हातांनी कोंडलेला स्फोट, आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर काकूंचा गाल, डोळा, कान. हे मला त्या क्षणापर्यंत जाणवलंच नव्हतं. माणसं एकमेकांच्या हातचं जेवतात, एकमेकांनी चालवलेल्या गाडीत झोपतात, पण इतक्या उघडपणे, इतक्या जवळून कुणी माझ्या कामावर आपला चेहरा टेकवलेला मी पाहिला नव्हता. त्यांच्या डोक्यातलं किती काय निसटत चाललं होतं, पण खांदा, कोपर, बोट आपापल्या जागी येऊन थांबले होते. श्वास अर्धा सोडून त्या स्थिर झाल्या.

आवाज झाला. मक्याच्या कोवळ्या रोपांवरून तो लांबवर गेला आणि पलीकडच्या झाडांना लागून परत आला.

मित्र दुर्बिणीला डोळा लावून होता. त्याने बाजूला सरून मला जागा दिली. मी पाहिलं. कागदाच्या अगदी मधोमध, काळ्या वर्तुळात, भोक.

काकूंनी रायफलचा बोल्ट मागे ओढला. रिकामी पुंगळी उडून टेबलावर पडली आणि गोल फिरत राहिली. त्यांनी ती थांबेपर्यंत वाट बघितली. मग डब्याकडे हात केला.

"अजून एक दे," त्या म्हणाल्या.